गुंडीची छाती साडेदहा

मास्तरांनी शिवलेला कपडा घट्ट झाला, तर त्याला तीनच कारणं असू शकत. एक, कापड आटलं. दोन, गिऱ्हाईक सुटलं. तीन, माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढून धरलं होतं. चौथं कारण चाळीस वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं. एकदोघांना सापडलं होतं म्हणतात, पण त्यांनी शिंपी बदलला.

बाकी माणूस सोन्यासारखा. सांगितलेल्या तारखेला कपडा तयार, उरलेली चिंधीसुद्धा घडी करून परत, आणि शिवण इतकी सरळ की कोट उलटा घालून बाहेर पडलं तरी कुणी नाव ठेवू नये. गल्लीतले सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि त्या न्यायाने त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई, जरी त्या बाईंनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शिकवण्याजोगा एकच विद्यार्थी घरात होता आणि तो शिकणाऱ्यांतला नव्हता. मास्तरीणबाई खिडकीपाशी बसून काजं करायच्या, गुंड्या लावायच्या, तुरपाई करायच्या, आणि हे सगळं करताना एक डोळा नवऱ्यावर ठेवायच्या.

"चूक कबूल करायची वेळ आली," त्या म्हणत, "की ह्यांच्या तोंडात नेमक्या टाचण्या असतात."

ते अगदी खरं होतं. तक्रार घेऊन कुणी दारात उभं राहिलं की मास्तर चार टाचण्या ओठांत धरत, नुसतं "हं, हं" करत त्या माणसाभोवती फेऱ्या मारत, आणि टाचण्या बाहेर निघेपर्यंत दोष कापडाचा ठरलेला असे.

अशा माणसाच्या हवाली दोन जिवंत गिनीपिग झाले, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

ते होते त्यांच्या नातीचे. नातीचं घरातलं नाव बॉबिन, कारण ती एका जागी कधी बसत नसे, शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी सतत गरगर. वय वर्षं नऊ. वाढदिवसाला तिने हट्ट करून हे दोन प्राणी मिळवले. ज्यांनी गिनीपिग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पावाच्या लादीएवढा प्राणी, शेपूट नाही, मान जवळजवळ नाही, आणि खाण्याची पिशवी वाजली की शिट्टी मारतो. नावं मास्तरांनी ठेवली. तपकिरी ती गुंडी, पांढरी ती काज. एकीवाचून दुसरी कुठे जात नसे म्हणून.

त्यांना घरी ठेवायचं तर बॉबिनची आई, म्हणजे मास्तरांची लेक, शिंकून शिंकून बेजार व्हायची. म्हणून पिंजरा आला आजोबांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाजवळ, खिडकीखाली. बॉबिन रोज शाळा सुटल्यावर येऊन सगळं करायची. मास्तरांना फक्त कौतुक करायचं काम होतं, आणि ते ते मनापासून करत.

मग सुट्टी लागली. जावयाला दुसऱ्या शहरात महिनाभराचं काम निघालं आणि तिघंही तिकडे निघाली. जायच्या दिवशी बॉबिनने पाठपोट लिहिलेला एक कागद पिंजऱ्यावरच्या भिंतीला चिकटवला.

"आबा, सगळं वाचायचं हं. दोन्ही बाजू."

"वाचतो गं बाई."

"आणि दर रविवारी वजन करायचं. आजीच्या स्वयंपाकाच्या काट्यावर. आत्ता गुंडी नऊशे साठ ग्रॅम आहे आणि काज आठशे नव्वद. वर लिहून ठेवलंय. आणि हनुवटी बघायची, कोरडी आहे ना ते."

"कुणाची?"

"गुंडीची," बॉबिन म्हणाली, आणि बाहेरून आईची हाक आली म्हणून पळाली.

मास्तरांनी कागद वाचायला घेतला. पहिल्या चार ओळी वाचल्या. पाचव्या ओळीवर 'वजन' हा शब्द आला आणि त्यांचं डोकं सणकलं.

"वजन करायला मी काय वाणी आहे?" ते बायकोला म्हणाले. "चाळीस वर्षं माणसांची मापं घेतोय. एकाला तरी कधी काट्यावर बसवलं का?"

"ती सांगून गेलीय तसं करा ना. काटा आत आहे, आणून देते."

"अगं, वाढ कळायला माप लागतं, वजन नाही. वजनाचं काय, माणूस पाणी प्यायला तरी वाढतं."

आणि त्या रविवारी मास्तरांनी गुंडीला बेतायच्या टेबलावर घेतलं, गळ्यातली टेप काढली आणि रीतसर माप घेतलं. मापांच्या वहीत एका वकिलाच्या कोटाखाली नोंद झाली: गुंडी. छाती साडेनऊ. लांबी अकरा. बाही लागू नाही.

संध्याकाळी बॉबिनचा फोन आला.

"आबा, वजन?"

"छाती साडेनऊ."

"ग्रॅम किती, आबा?"

"ग्रॅम कसले, इंच सांगतोय. उत्तम बांधा आहे."

"पण आबा... बरं, हनुवटी कोरडी आहे ना तिची?"

"कोरडी ठणठणीत," मास्तर म्हणाले. त्यांनी पिंजऱ्याकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. मग लेकीने फोन घेतला आणि बोलणं घर, हवा, पाणी इकडे गेलं.

त्याच आठवड्यात वकीलसाहेब काळा कोट घेऊन परत आले. कॉलरच्या आतून वाळल्या गवताची एक काडी निघाली होती आणि भर न्यायालयात ती त्यांच्या मानेला टोचत होती. मास्तरांनी ओठांत टाचण्या धरल्या, काडी उजेडात धरून पाहिली आणि टाचण्या काढल्यावर सांगितलं की आजकाल कापडं कशी विणतात काही विचारू नका. वकीलसाहेब कितीही वाद घालणारे असले तरी या मुद्द्यावर गप्प झाले.

पण ते गेल्यावर मास्तरांनी गवताचा भारा उचलून मागच्या खोलीत टाकला. पिंजऱ्यात दिवसाला एक चिमूट गवत आणि बाकी मऊ मऊ खाणं सुरू झालं. काकडी सोलून, ढोबळी मिरची बारीक चिरून, पिशवीतलं विकतचं दाणेदार खाणं भिजवून. लाडाचे लाड आणि कपड्यांवर काडी नाही. मास्तर स्वतःवर खूश होते. बॉबिनच्या कागदावर सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'गवत कायम भरपूर पाहिजे, बाकी सगळं कमी असलं तरी चालेल.' पण मास्तर पाचव्या ओळीवर रुसून बसले होते, ते सातवीपर्यंत पोचणार कधी?

दुसऱ्या रविवारी छाती पावणेदहा भरली.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "माझ्या हाताला गुण आहे. आठ दिवसांत पाव इंच."

संध्याकाळी बॉबिनने फोनवर पुन्हा हनुवटीचं विचारलं. मास्तरांनी पुन्हा न बघता कोरडी म्हणून सांगितलं.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच्या आठवड्यात गुंडी त्यांना फारच गुणी वाटायला लागली. पूर्वी पिशवीचा आवाज झाला की ती पिंजऱ्याच्या जाळीवर पुढचे पाय टेकून शिट्ट्यांनी दुकान डोक्यावर घ्यायची. आता ती कोपऱ्यात शांत बसून राहायची. मास्तर म्हणाले, शहाणी झाली. पूर्वी ती काजच्या तोंडातला घास पळवायची. आता काकडीचा तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवायची आणि काज तो खाऊन टाकायची. मास्तर म्हणाले, बघ, वाटून खायला शिकली. ती पाठीची कमान करून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसायची. मास्तर म्हणाले, विचार करते. एखादी गिऱ्हाईक बाई आली की ते अभिमानाने दाखवत, "आमची गुंडी. आधी फार दंगा करायची."

मास्तरीणबाई झाडलोट करत, त्यामुळे त्यांच्या हाताला वेगळीच बातमी लागत होती. काजच्या बाजूच्या लेंड्या नेहमीसारख्या, तांदळापेक्षा मोठ्या, भरपूर. गुंडी बसायची त्या कोपऱ्यात मात्र चारदोनच, तिळाएवढ्या, सुकलेल्या.

"अहो, हिचं खाणं नीट नाही."

"पोट भरलेलं असतं तिचं."

"कशाने भरतंय? सगळं काज खाते."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मास्तर म्हणाले. "परवा रविवार आहे. माप घेतो, तूच बघ."

तिसऱ्या रविवारी सकाळी मास्तरांनी टेप लावली. सवयीप्रमाणे एक बोट आत घालून सैल धरली, आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साडेदहा! पाऊण इंच वाढली एका आठवड्यात! आता बोल."

मास्तरीणबाईंनी हातातली तुरपाई बाजूला ठेवली, आत गेल्या, काटा आणला, त्यावर कणीक मळायचं भांडं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि गुंडीला नवऱ्याच्या हातातून घेऊन भांड्यात बसवलं. गुंडीने पळायचा प्रयत्न केला नाही. बसवली तशी बसून राहिली.

काटा म्हणाला, सातशे नव्वद.

मास्तरांनी चष्मा पुसला. काटा हलवला. गुंडीला काढून काजला बसवलं. आठशे पंच्याऐंशी. काज होती तिथेच होती. पुन्हा गुंडी. सातशे नव्वद.

"काटा बिघडला असेल," मास्तर म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचा आवाज त्यांनाच खोटा वाटला, कारण गुंडी त्यांच्या तळहातावर होती आणि त्या फुलवलेल्या केसांच्या आत बोटांना हाडं लागत होती. इतक्या दिवसांत त्यांनी तिला टेप लावली होती, पण हात लावून पाहिलं नव्हतं. हनुवटी भिजून चिकट झाली होती. गळ्याखालचे केस पार ओले होते.

मास्तर तसेच चपला न घालता शेजारच्या औषधांच्या दुकानात धावले. दुकानदार म्हणजे त्यांचा जुना दोस्त, आणि सल्ला द्यायला त्याला आजार कळायची गरज कधीच पडली नव्हती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"लाळ गळते ना? घसा धरला असेल. हे घ्या, लहान मुलांचं गुलाबी औषध. माझ्या नातवाला दोन दिवसांत उतार पडला. प्राणी लहान, तर पाव चमचा द्या."

बाटली घेऊन मास्तर परत आले, तोवर मास्तरीणबाई चष्मा लावून भिंतीवरचा कागद उतरवून वाचत होत्या. पुढची बाजू संपवून मागे आल्या होत्या. मागे लाल शाईने लिहिलेलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ऐका. 'माणसांचं औषध देऊ नका. मला घसा दुखल्यावर देतात ते गुलाबी औषध तर मुळीच नाही. ते मला बरं करतं आणि गुंडीला मारतं. खाणं कमी झालं, शी लहान झाली, कोपऱ्यात फुगून बसली किंवा लाळ गळली तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन करायचा. नंबर खाली आहे. काजलाही सोबत न्यायचं, नाहीतर गुंडी घाबरते.'"

मास्तर बाटली हातात धरून उभे राहिले. नऊ वर्षांच्या मुलीने सगळं लिहून, चिकटवून, लाल शाईने रंगवून ठेवलं होतं, आणि त्यांच्या डोक्यावर दीड हातावर ते तीन आठवडे लटकत होतं. त्यांनी ती बाटली टेबलाच्या अगदी दूरच्या टोकाला नेऊन ठेवली, जणू ती स्वतःहून उडी मारेल.

रविवार होता, तरी डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता आणा.

दवाखाना लहान होता. एक टेबल, एक दिवा, भिंतीला कुत्र्यामांजरांचे फोटो. डॉक्टरबाई मास्तरांच्या लेकीपेक्षाही वयाने लहान. त्यांनी गुंडीचं पोट चाचपलं, छाती ऐकली, ओठ बाजूला करून दिवा मारला.

"खाणं कधीपासून कमी आहे?"

मास्तरांनी सोबत आणलेली मापांची वही उघडली. "पहिल्या रविवारी छाती साडेनऊ होती. मग पावणेदहा. आज सकाळी साडेदहा. म्हणजे तशी ती वाढत..."

डॉक्टरबाईंनी वहीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्यांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी पोटात ठेवलं.

"आजोबा, आजारी गिनीपिग केस फुलवून बसतो. त्यात पोटात वारा धरला की घेर आणखी वाढतो. तुम्ही तिचा कोट मोजलात. आतली ती राहिलीच."

चाळीस वर्षांत मास्तरांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि आज बोललं तर ओठांत एक टाचणीसुद्धा नव्हती.

"ह्यांना जंगलात सगळेच खायला टपलेले," डॉक्टरबाई गुंडीला कुरवाळत म्हणाल्या. "म्हणून दुखणं दाखवायचं नाही, ही जन्मजात सवय. आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून वजन. वजन लपवता येत नाही." मग त्या म्हणाल्या, "दाढा वाढून जिभेवर आल्यात. घास उचलते पण चावता येत नाही. गवत किती खायची?"

"गवत..." मास्तर म्हणाले, आणि थांबले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ती वकिलाची काडी माहीत होती.

"चिमूटभर देत होतो," ते शेवटी म्हणाले. "कपड्यांना चिकटायचं म्हणून."

"दात जन्मभर वाढतात त्यांचे. गवत दळून दळूनच झिजतात. नुसत्या दोन आठवड्यांत इतकं होत नाही, थोडं आधीपासून असणार. पण गवत असतं तर इतक्यावर आलं नसतं." त्यांनी हातमोजे चढवले. "दाढा घासाव्या लागतील. त्याला भूल द्यावी लागेल, आणि ती इतकी अशक्त आहे की भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही. नाही केलं तर मात्र उपाशी मरेल. करू?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग मान हलवली.

बाहेरच्या बाकावर ते काजला मांडीवर घेऊन बसले. खिशात फोन वाजला. बॉबिन. रविवारचा फोन आज लवकर आला होता. मास्तरांनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. मास्तरीणबाई शेजारी बसल्या होत्या, पण त्यांनी उचला म्हटलं नाही. काजने मास्तरांचं बोट हुंगून पाहिलं आणि एकदा शिट्टी मारली. आतून उत्तर आलं नाही.

पाऊण तासाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. गुंडी जागी झाली होती. पण खरी लढाई आता होती. ती स्वतः खाईपर्यंत दिवसातून सहा वेळा, सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीने, भिजवून पातळ केलेले दाणे तोंडात भरवायचे. दुखणं कमी व्हायचं औषध दोनदा. समोर सतत गवत. आणि रोज सकाळी काटा. "दोनतीन दिवसांत स्वतःहून गवताला तोंड लावलं तर सुटलो. नाही लावलं तर आतडी बंद पडतात. मग काही हातात राहत नाही."

घरी येऊन मास्तरांनी मागच्या खोलीतला गवताचा भारा आणला आणि पिंजऱ्यात इतकं भरलं की काज दिसेनाशी झाली. टेबलावर अर्धवट बेतलेला कोट होता, त्यावर काड्या पडल्या. त्यांनी झटकल्या नाहीत.

सोमवारी गुंडीचं वजन सातशे ऐंशी भरलं. बॉबिनचा फोन आला तेव्हा मास्तरांनी तो मास्तरीणबाईंकडे सरकवला. मास्तरीणबाईंनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. टेबलावर फोन दोन वेळा असा इकडून तिकडे गेला आणि बंद झाला.

"सांगायला हवं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरी झाली की सांगू. उगाच पोरीचा जीव कशाला घाबरा करायचा?"

"आणि बरी नाही झाली तर? तेव्हा काय सांगणार? कापड आटलं?"

चाळीस वर्षांच्या संसारात मास्तरीणबाईंनी हे वाक्य हजारदा हसत म्हटलं असेल. आज हसल्या नाहीत. मास्तर गुंडीला भरवत होते. ज्या हाताने चाळीस वर्षं काळ्यावर काळा टाका घातला, त्या हाताला एवढीशी नळी धरवेना. निम्मं अन्न गुंडीच्या छातीवर सांडलं.

मंगळवारी सकाळी काटा म्हणाला सातशे पंचाहत्तर. मास्तरांनी स्वतः फोन लावला.

"आबा!" बॉबिन पडद्यावर उगवली. "कुठे होतात? किती फोन केले! गुंडीची छाती किती?"

"बॉबिन, गुंडी आजारी आहे," मास्तर म्हणाले. "दाढा वाढल्यात. डॉक्टरबाईंनी घासल्या. अजून खात नाही. आज सातशे पंचाहत्तर ग्रॅम आहे. कालच्याहून पाच कमी. माझं चुकलं गं. वजन करायचं सोडून टेप लावत बसलो. गवत बंद केलं. आणि हनुवटी कोरडी आहे म्हणून सांगितलं ना, ते न बघता सांगितलं. दोन्ही वेळा."

खिडकीपाशी सुई थांबली. मास्तरीणबाईंनी मान वर केली.

पडद्यावर बॉबिनचा चेहरा आधी कोरा झाला, मग वेडावाकडा. ती रडायला लागली, पण मास्तरांना वाटलं तशी रागाने नाही.

"आबा, माझ्यामुळे झालं. निघायच्या आधीच ओली होती तिची हनुवटी. थोडीशी. मी पाहिलं होतं. पण सांगितलं असतं तर आईने जाणं रद्द केलं असतं, आणि मला समुद्र बघायचा होता. म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. नुसतं तुम्हाला विचारत होते. तुम्ही कोरडी म्हणालात की मला बरं वाटायचं."

आता बघा. डॉक्टरबाईंनीही म्हटलं होतं, थोडं आधीपासून असणार. दोष घ्यायला दुसरं कुणीतरी स्वतःहून, रडत, समोर आलं होतं. मास्तरांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मास्तरीणबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "तू विचारत तरी होतीस. बघायचं काम माझं होतं. तू नऊ वर्षांची, तुला समुद्र चुकेल याची भीती वाटली. मी सदुसष्टचा. मला कशाची भीती वाटत होती, ते मलाच कळत नाही."

बॉबिनने बाहीने नाक पुसलं.

"आता भरवायची वेळ झाली का?"

"झालीच."

"मग मला दिसेल असा फोन ठेवा. मी सांगते."

फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला गेला. मास्तरांनी गुंडीला फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि ते मात्र त्यांना झकास जमलं. चुणीसुद्धा पडली नाही.

"समोरून नाही, आबा. बाजूने. पुढच्या दातांच्या मागे मोकळी जागा असते तिथून. थोडंच. आता थांबा. चावू दे. घाई नको."

"बरं."

"डोकं वर नका करू तिचं, ठसका लागेल."

"बरं बाई."

मास्तरीणबाईंनी तुरपाई मांडीवर तशीच ठेवली. कुणाचं तरी ऐकून काम करणारा आपला नवरा त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि तो दृष्ट लागण्यासारखा दिसत होता. सांडलं, पण कालच्याहून कमी. नळी संपली. हनुवटी पुसून मास्तरांनी गुंडीला पिंजऱ्यात सोडलं.

गुंडी जागेवर बसली. काज गवताच्या ढिगातून एक लांब काडी ओढत बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसून कुरतडायला लागली. काडी हळूहळू आत जात होती आणि तिचं दुसरं टोक गुंडीच्या नाकापुढे हलत होतं. गुंडीने एक डोळा उघडला. नाक हललं. मग तिने मान पुढे केली आणि ते टोक तोंडात धरून जोरात ओढलं. काडी काजच्या तोंडातून सुटली. काज रागाने किंचाळली.

मास्तर गुडघ्यांवर बसून बघत होते.

"काय झालं? आबा? काज का ओरडली? गुंडी खातेय का? आबा, खाल्लं का तिने?"

पिंजऱ्यात गुंडीचा जबडा डावीउजवीकडे हलत होता. काडीचं टोक बोटभर उरलं होतं, मग अर्धं बोट. मास्तरीणबाई उठून त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी नवऱ्याचा खांदा घट्ट धरला होता.

"आबा, सांगा ना!"

"थांब गं," मास्तर म्हणाले. "गिळू दे तिला आधी, मग सांगतो."